थीसिसला त्वचेचा लिंफोमा घेताय? आधी जुनं रजिस्टर उघडा

एमडी पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी विचारलं, "त्वचेच्या लिंफोमात ऑन्कोजीनचं एक्स्प्रेशन, करतेस का?" (लिंफोमा म्हणजे लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर; ऑन्कोजीन म्हणजे कॅन्सरला चालना देणारा जीन, आणि त्याचं एक्स्प्रेशन म्हणजे त्याचं प्रोटीन पेशीत दिसणं.) मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) गेल्यावर बायोप्सीची रजिस्टरं उघडली आणि घाम फुटला. आमच्या सोलापुरात पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडचे पेशंट धरूनही असे ब्लॉक (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) बोटांवर मोजण्याइतके! शेवटी 'लिंफोमा आणि लिंफोमासारखे दिसणारे आजार' असा विषय रुंद करून घ्यावा लागला. तुम्ही आधी मोजा, मग सिनॉप्सिस लिहा.

हे 'सारखे दिसणारे' सोलापुरात भरपूर. फिकट चट्टा दिसला की पहिला संशय कुष्ठरोगाचा, आणि तो घ्यायलाच हवा. पण यंत्रमागावरच्या एका मावशींनी असे चट्टे सुताची ॲलर्जी समजून कित्येक वर्षं मलमावर काढले होते. संवेदना शाबूत, कुष्ठरोगाचे जंतू दाखवणाऱ्या फाइट स्टेनमध्ये काही नाही, आणि एपिडर्मिसमध्ये (त्वचेच्या वरच्या थरात) घुसलेल्या वेड्यावाकड्या केंद्रकांच्या लिंफोसाइट. मायकोसिस फंगॉइड्स, म्हणजे त्वचेतला टी-पेशींचा लिंफोमा. (नावात बुरशी आहे, आजारात नाही. 1806 साली आलिबेरला गाठी अळंबीसारख्या वाटल्या, त्यावरून नाव चिकटलंय.) इथे एकट्या ऑन्कोजीनच्या स्टेनवर निदान होत नाही. टॉक्स या प्रोटीनच्या स्टेनची मदत होते, पण साध्या दाहातही तो थोडाफार दिसतो. एच अँड ई (नेहमीचा गुलाबी-जांभळा स्टेन), टी-पेशींवरचं सीडी7 हे प्रोटीन गळालंय का आणि टी-सेल रिसेप्टरची क्लोनॅलिटी (पेशी एकाच पेशीपासून वाढल्यात का), हे सगळं जुळवावं लागतं.

माझी खरी फजिती बीसीएल-2 या ऑन्कोजीनच्या स्टेनने केली. पहिलीच स्लाइड तपकिरी, म्हणजे पॉझिटिव्ह, झाली म्हणून मी उड्या मारत मॅडमकडे गेले. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळाही लावला नाही. "अगं, निरोगी टी-पेशीतही बीसीएल-2 असतंच. तू रंगवलंस कुणाला?" सीडी3 (टी-पेशी दाखवणारा) आणि सीडी20 (बी-पेशी दाखवणारा) या स्टेनच्या स्लाइड शेजारी ठेवल्या. बहुतेक तपकिरी पेशी साध्या टी-पेशी निघाल्या.

बी-पेशींच्या लिंफोमात मात्र हाच स्टेन कामाचा. त्वचेतच सुरू झालेल्या फॉलिकल सेंटर लिंफोमात बीसीएल-2 सहसा नसतं किंवा फिकट असतं. ठळक दिसलं तर आजार लिंफनोडमधून आलाय का, ते शोधायला सांगा. वयस्कर बाईच्या पायावर झपाट्याने वाढलेली गाठ, मोठ्या पेशी, बीसीएल-2 आणि एमयूएम1 (आणखी एक प्रोटीन) ठळक असेल, तर लेग टाइप या बी-पेशींच्या लिंफोमाचा विचार करा. त्यात एमवायसी हे ऑन्कोजीनही बऱ्याचदा दिसतं. पण आयएचसीत (अँटीबॉडीने रंगवायच्या या पद्धतीत) दिसतं ते प्रोटीन. जीन तुटलाय का, ते फिश ही जीनची चाचणीच सांगते. रिपोर्टात या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आता थोडं लॅबचं. मे महिन्यात लाइट गेली, मी ह्युमिड चेंबरचं (स्लाइड ओलसर ठेवणाऱ्या डब्याचं) झाकण नीट लावलं नव्हतं, आणि इथल्या कोरड्या हवेत सेक्शनच्या (पातळ कापाच्या) कडा सुकल्या. कडा गडद तपकिरी. मी त्या पॉझिटिव्ह म्हणून मोजल्यासुद्धा! महागडी अँटीबॉडी वाया, सगळं पुन्हा. बाहेरगावच्या तुकड्याबरोबर बायोप्सीची तारीख आणि फॉर्मॅलिन बफर्ड (आम्लता सावरलेलं) होतं का, हे फोन करून विचारा. फॉर्मवर ते क्वचितच लिहिलेलं असतं.

आता स्टेन नीट झालाय का ते ताडायला प्रत्येक स्लाइडवर टॉन्सिलचा छोटा तुकडा ठेवते. बीसीएल-2 मध्ये टॉन्सिलमधल्या लिंफोसाइटच्या गोल पुंजक्यांचा भोवतीचा थर (मँटल) तपकिरी आणि मधला भाग (जर्मिनल सेंटर) निळा राहिला, तरच पेशंटच्या तुकड्याकडे बघते. परवा सेंटरही तपकिरी झालं. मुकाट्याने अख्खी बॅच बाजूला ठेवली आणि नवीन सेक्शन कापायला सांगितले.