लंडनच्या हिवाळ्यात पळायचं ते उजेडासाठी

आपल्याकडे थंडी म्हणजे व्यायामाचा मोसम. त्यामुळे पुण्या-नाशिकहून लंडनला गेलेल्या माणसाला नोव्हेंबरात अंथरुणातून उठवेनासं झालं, दिवसभर गोड खावंसं वाटू लागलं, की तो थंडीला बोल लावतो. दोष बहुतेक वेळा अंधाराचा असतो. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. ऑफिसातला उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो; बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा त्याच्या कित्येक पट मिळतो.

म्हणून पळायची आधी वेळ ठरवा, अंतर नंतर. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास-दोन तास सगळ्यात चांगला, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. ते जमत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत, बारा ते एकच्या दरम्यान. पहाटे सहाला किंवा ऑफिस सुटल्यावर पळलात तर व्यायाम होईल, पण उजेड मिळणार नाही, आणि नेमकी हीच वेळ बहुतेक जण निवडतात. ऊन डोळ्यांवर येत नसेल तर गॉगल घरीच ठेवा. सूर्याकडे थेट बघायचं मात्र नाही.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालायचं. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून. दुसऱ्या आठवड्यात ९० सेकंद पळून दोन मिनिटं चाला. पळताना एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. पहिल्याच दिवशी उत्साहाने पाच किलोमीटर पळणाऱ्याची नडगी दुखायला लागते आणि तिसऱ्या आठवड्यात बूट कपाटात जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे घेतात आणि संध्याकाळी लवकर अंधारतं. त्याआधीच सवय लावून घेतली तर सोपं जातं.

कपड्यांचा हिशोब असा: बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून घालायचे. पाच अंशांना घाम शोषून बाहेर टाकणारा पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टर टीशर्ट, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, टाइट्स, हातमोजे आणि कान झाकणारी टोपी पुरे. दारातच ऊब वाटली तर एक कपडा जास्त झालाय. पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटायलाच हवं. सुती टीशर्ट नको. तो घाम धरून ठेवतो, आणि सिग्नलला उभं राहिलात की ओली पाठ वाऱ्याने गारठते. आजीने विणलेला स्वेटर प्रेमाचा खरा, पण पळायचा नाही. घरी आल्यावर कपडे आधी, चहा नंतर.

घसरून पडण्याचं भय दोन गोष्टींचं. नोव्हेंबरात फुटपाथवर चिकटलेली ओली पानं, आणि निरभ्र रात्रीनंतर सकाळी रस्त्यावर जमलेला पारदर्शक बर्फ. तो दिसत नाही. डांबर नुसतं ओलं, चकचकीत वाटतं. सावलीत आणि पुलांवर तो उशिरापर्यंत टिकतो. अशा दिवशी पार्कातल्या गवतावरून पळा, नाहीतर सरळ चाला. उजेड चालणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. दमा असेल तर तोंडावर बफ (गळ्यात घालायची नळीसारखी कापडी पट्टी) ओढून घ्या आणि इनहेलर खिशात असू द्या.

एक गैरसमज मात्र सोडा: या पळण्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचं ऊन त्यासाठी पुरेसं नसतं. एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) या काळात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी विचारात घ्यायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा.

एकट्याने दार उघडवत नसेल तर शनिवारी सकाळी नऊची पार्करन, म्हणजे पार्कात सगळ्यांनी मिळून पळणं, गाठा. पाच किलोमीटर, फुकट, चाललं तरी चालतं. नाव एकदाच नोंदवायचं आणि तेव्हा मिळालेला बारकोड बरोबर न्यायचा. २००४ मध्ये हा प्रकार लंडनच्याच बुशी पार्कात सुरू झाला.

दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) भेटा. पळणं हा उपचाराला पर्याय नाही. जीव नकोसा वाटत असेल तर १११ फिरवून मानसिक आरोग्याचा पर्याय २ निवडा. जीवाला लगेच धोका असेल तर थेट ९९९.