संत्र्याच्या रसातले चिकन : कामाच्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाची तयारी

दिवसभर शेतात किंवा तालुक्याच्या गावी कामात असलेल्या माणसाने घरी परतल्यावर पाऊण तासात चार जणांसाठी संत्र्याच्या रसातले चिकन आणि मोकळा भात ताटात वाढावा, हे सहज शक्य आहे. मात्र त्यासाठी तयारीची विभागणी आधी मनात स्पष्ट असावी लागते. सकाळी उरकून ठेवण्याजोगी कामे बरीच आहेत आणि ती जितकी लवकर होतील तितके चांगले. याला अपवाद एकाच कामाचा, तो म्हणजे संत्र्यांचा रस काढण्याचा. चिकन शिजत आल्याशिवाय ते काम हाती घेऊ नये. वेळ वाचावा म्हणून अनेक जण रस सकाळीच काढून झाकून ठेवतात आणि रात्री रस्सा कडू लागला की दोष मसाल्याला देतात.

सर्वांत आधी वार पाहावा. बहुतेक घरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सामिषाचे वार असतात, आणि कामाच्या दिवसांचा विचार केला तर बुधवार व शुक्रवार एवढेच हाती उरतात. त्यातही आंबिया बहराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि मार्गशीर्षही साधारण त्याच सुमारास पडतो. अनेक घरी मार्गशीर्षातले गुरुवारच नव्हे, तर तो संपूर्ण महिनाच पाळला जातो. अशा घरांनी हा बेत दिवाळीच्या आसपास करावा किंवा मृग बहराची फळे येईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, थांबावे. घरातल्या ज्येष्ठांना न विचारता वार ठरवणे हे तयारीत मोडत नाही.

संत्री मध्यम आकाराची सहा घ्यावीत. त्यांतून साधारण पाव लिटर रस निघतो. विदर्भातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, म्हणजे वरुड, मोर्शी, काटोल किंवा नरखेड भागात राहणाऱ्यांना फळासाठी दूर जावे लागत नाही, आणि व्यापाऱ्याने प्रतवारीत बाजूला काढलेली लहान फळे, ज्यांना बाजारात चुरी म्हणतात, या कामाला उत्तम असतात, कारण इथे फळाचा आकार नव्हे तर रस महत्त्वाचा आहे. चुरी घेतल्यास सहाऐवजी दहा-बारा फळे लागतील. फळ हातात घेऊन तोलून पाहावे: आकाराच्या मानाने जड लागले तर रस भरपूर, आणि साल आतून सुटून पोकळ झाल्यासारखी वाटली तर फळ झाडावर जास्त दिवस राहिलेले असते. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाखाली ऑक्टोबरच्या सुरुवातीला विकली जाणारी हिरवट फळे बरीच आंबट असतात. म्हणून एक फळ सोलून त्याची फोड चाखावी आणि गुळाचे प्रमाण त्यावरून ठरवावे. गोड फळांना एक मोठा चमचा किसलेला गूळ पुरतो, आंबट फळांना दोन लागतात.

सालीचा उपयोग करायचा असेल, आणि तो अवश्य करावा, तर दोन फळे कोमट पाण्यात चोळून धुवावीत व फडक्याने कोरडी करावीत, कारण बागेत फवारणी झालेली असते आणि बाहेरगावी जाणाऱ्या मालावर मेणाचा थरही दिलेला असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने किसणीवर ती दबते आणि नीट किसली जात नाही. त्यापेक्षा साल सोलून पाटावर उलटी पसरावी, आतला पांढरा गर चमच्याच्या कडेने खरवडून काढावा, आणि उरलेल्या पातळ केशरी पापुद्र्याचे सुरीने केसासारखे बारीक धागे कापावेत. पांढरा गर जितका राहील तितका कडवटपणा राहील. एक चमचाभर धागे पुरेसे होतात व ते झाकणाच्या वाटीत संध्याकाळपर्यंत चांगले राहतात. सोललेली दोन फळे फोडी न करता, अखंड, ताटाखाली झाकून ठेवावीत.

चिकन पाऊण किलो, ब्रॉयलरचे आणि शक्यतो तंगडी व मांडीचे घ्यावे. छातीचे तुकडे या पद्धतीत कोरडे पडतात. दुकानदार सवयीने तर्रीच्या रश्श्यासाठी करतो तसे बारीक तुकडे करू लागतो, म्हणून मोठे तुकडे हवेत हे आधीच सांगावे. गावरान कोंबडीची चव मोठी असते हे मान्य, पण ती कुकरमध्ये बराच वेळ शिजवल्याशिवाय मऊ होत नाही, आणि इतक्या वेळानंतर तिच्या स्वतःच्या चवीपुढे संत्र्याचे काही चालत नाही. ती रविवारसाठी राखावी.

चिकन धुतल्याशिवाय शिजवायचे नाही, हा आपल्याकडचा रिवाज आहे. धुण्याने त्यावरचे जंतू जात नाहीत, ते पूर्ण शिजवल्यानेच मरतात. उलट नळाच्या धारेखाली धुतल्यास शिंतोड्यांसोबत ते ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. तरीही पिसांचे अवशेष व हाडांचा चुरा काढण्यासाठी धुवायचेच असेल, तर खोल गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेऊन त्यात तुकडे अलगद बुडवून काढावेत, पाणी मोरीत हळू ओतावे आणि मोरी, गंज व हात साबणाने धुवावेत. कांदा, सांभार (कोथिंबीर) आणि सोबतीची काकडी हे सगळे चिकनला हात लावण्यापूर्वी चिरून झाकून ठेवावे. विळी एकच असेल तर हा क्रम विशेष कटाक्षाने पाळावा. त्यानंतर तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत, कारण ओला तुकडा तेलात तांबूस होत नाही, नुसता वाफवतो.

कोरड्या तुकड्यांना एक सपाट चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण चोळावे. या टप्प्यावर संत्र्याचा रस किंवा लिंबू लावू नये. आंबट रसात तासन्‌तास राहिलेल्या मांसाचा वरचा थर भुसभुशीत होतो. वाटण पाट्यावर केले तर उत्तम, मिक्सरवर करायचे असेल तर वीज असेल त्या वेळी करून ठेवावे. या बेताची मोठी सोय अशी की संध्याकाळी मिक्सरची गरज कुठेच पडत नाही.

चिकन कुठे ठेवायचे, हा प्रश्न घरी फ्रीज आहे की नाही यावर आणि विजेवर अवलंबून आहे. फ्रीज असेल तर मीठ लावलेले तुकडे झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी दुसऱ्या पदार्थावर गळणार नाही. वीज गेली तर दार उघडू नये; बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. फ्रीज नसेल तर चिकन सकाळी आणूच नये. कच्चे चिकन दोन तासांपेक्षा अधिक बाहेर राहू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल, जो आपल्याकडे मार्चपासूनच असतो, तर एका तासापेक्षा अधिक नाही. अशा घरांनी संध्याकाळी परतताना दुकानातून चिकन घ्यावे व मीठ-हळद लावून, चूल पेटेपर्यंत अर्धा तास मुरू द्यावे, तेवढे पुरते.

भांड्याची निवड किरकोळ वाटते, पण ती तशी नाही. लोखंडी कढईत संत्र्याचा रस उकळल्यास रस्सा काळपट होतो आणि त्याला लोखंडाची चव येते. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, गंजातही आंबट पदार्थ शिजवू नये. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर तेही वर्ज्य समजावे. जाड बुडाची, पसरट तोंडाची स्टीलची कढई आणि तिच्यावर बसेल असे ताट काढून ठेवावे. पसरट कढईत तुकडे एका थरात मावतात आणि पुढे रस लवकर आटतो. गॅस असेल तर इंधनाचा विचार करण्याची गरज नाही, पण सिलिंडर संपत आला असेल किंवा चुलीवरच करायचे असेल, तर दोन प्रकारचे जळण हाताशी असावे: तुकडे तांबूस करताना आणि शेवटी रस आटवताना पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, भडका उपयोगी पडतो, आणि मधल्या झाकून शिजवण्याच्या वेळी बाभळीच्या लाकडाचे संथ निखारे.

मसाल्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोबरे, खसखस आणि काळ्या मसाल्याची सावजी पद्धतीची तर्री ज्यांना प्रिय आहे, त्यांना हा रस्सा सुरुवातीला फिका वाटेल. पण तो मसाला यात घातला तर संत्री वापरली काय आणि न वापरली काय, सारखेच. दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरून, एक चहाचा चमचा भिवापुरी मिरचीचे तिखट, एक चमचा धणेपूड, चार मिरे भरड कुटून आणि दालचिनीचा बोटभर तुकडा, एवढे एका ताटलीत मांडून ठेवावे. लहान मुले जेवणार असतील तर तिखट निम्मे करावे, कारण भिवापुरी मिरची रंगाइतकीच तिखटपणालाही पुरून उरते. तेल शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे चालते. जवसाच्या तेलाचा वास संत्र्याला दाबून टाकतो. एका वाटीत एक चहाचा चमचा तांदळाचे पीठ काढून ठेवावे, ते शेवटी लागेल.

सोबत भाकरीपेक्षा भात चांगला, कारण रस्सा पातळसर आणि आंबटगोड असतो. चार जणांना दीड वाटी तांदूळ पुरतो. एचएमटी तांदूळ बारीक आणि मोकळा होत असल्याने येथे शोभून दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात निवडून सिद्ध केलेले हे वाण आहे, हे तो शिजवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजत ठेवणे, हे घरी पाऊल टाकल्यावरचे पहिले काम.

दुसरे काम कढई तापवण्याचे. दोन मोठे चमचे तेल चांगले तापल्यावर तुकडे एका थरात ठेवावेत आणि चार-पाच मिनिटे त्यांना सराटा (उलथणे) लावू नये; खालची बाजू तांबूस झाली की तुकडा आपोआप सुटतो, सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही. दोन्ही बाजू झाल्यावर तुकडे काढून त्याच तेलात दालचिनी, मिरे व कांदा परतावा, कांद्याच्या कडा लालसर झाल्यावर आच कमी करून तिखट व धणेपूड घालावी, लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओतून बुडाशी चिकटलेले सगळे खरवडून घ्यावे, तुकडे परत टाकावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजू द्यावे. भात याच वेळी दुसऱ्या शेगडीवर चढवावा.

झाकण ठेवल्यावर दहा-बारा मिनिटांनी संत्री हाती घ्यावीत. संत्र्याच्या पाकळ्यांच्या पापुद्र्यांत आणि बियांत लिमोनिन या कडू द्रव्याचा बिनचवीचा पूर्वघटक असतो. फळ अखंड असते तोवर तो कडू होत नाही, पण रस काढल्यावर तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन होते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. रस सकाळी काढू नये तो यासाठी, आणि मिक्सरमधून काढू नये तोही यासाठीच, कारण पात्यांखाली बिया व पापुद्रे भरडले जातात. न सोललेली फळे आडवी कापावीत, सुरीच्या टोकाने बिया काढाव्यात आणि गाळणीवर हाताने बेताने पिळावीत. सोललेल्या दोन फळांच्या पाकळ्या बिया काढून तशाच गाळणीत दाबाव्यात. शेवटचा थेंब काढण्याचा हव्यास धरू नये. रसात गूळ आणि तांदळाचे पीठ गुठळी न होऊ देता ढवळावे.

रस घालण्यापूर्वी चिकन शिजले आहे, याची खात्री करावी. सर्वांत जाड तुकड्यात हाडापर्यंत सुरी टोचल्यावर निघणारे पाणी स्वच्छ असावे, त्यात गुलाबी छटा नसावी. ज्यांच्याकडे अन्नाचा तापमापक आहे त्यांनी आतले तापमान 74 अंश सेल्सियस झालेले पाहावे. त्यानंतर आच मोठी करून रस ओतावा आणि सहा-सात मिनिटे, अधूनमधून हलवत, उघडाच उकळू द्यावा. रस चमच्याच्या पाठीला चिकटू लागला की आच बंद करावी. आणखी दाट हवा म्हणून उकळत ठेवू नये, दाटपणाचे काम पीठ करते. सालीचे धागे, अर्ध्या लिंबाचा रस व चिरलेला सांभार आच बंद केल्यावरच घालावेत आणि मिठाची चव त्यानंतर पाहावी, कारण गूळ व आंबटपणा एकत्र आल्यावर आधी योग्य वाटलेले मीठ कमी वाटू लागते.

संत्री नसतील त्या दिवसांत मोसंबीचा रस चालतो, पण तोही तितक्याच लवकर कडवट होतो, त्यामुळे वरचे सगळे नियम तसेच लागू राहतात. जानेवारी ते मार्चच्या सुमारास पिकलेले कवठ मिळाले तर त्याचा गर पाण्यात कुस्करून, चाळणीतून गाळून, दुप्पट गूळ घालून वापरावा. तो आधी करून ठेवला तरी बिघडत नाही. बाटलीतले संत्र्याचे सरबत मात्र वापरू नये, त्यात साखर फार असते.

उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे आणि दुसऱ्या दिवशीच संपवावे. गरम करताना त्यात दोन चमचे पाणी घालून वाफ येईपर्यंत पूर्ण तापवावे. रात्रभरात रस्सा किंचित कडवटतो, म्हणून त्यात खडाभर गूळ टाकावा, आणि एखादे संत्रे शिल्लक असेल तर वाढण्यापूर्वी अर्धे पिळावे.