रुडॉल्फ रॉकर वाचायचाय? आधी त्याचा पेपर बघा

अनार्किस्ट (म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्या) संपादकाचं आयुष्य समजून घ्यायचं म्हटलं की लोक थेट त्याची जाडी पुस्तकं उघडतात आणि वीस पानांत कंटाळतात. रॉकरच्या बाबतीत तरी असं करू नका, आधी त्याचा पेपर कोण वाचायचं ते शोधा. लंडनच्या ईस्ट एंडमधले ज्यू शिंपी, रशियाकडून आलेले, कोंदट खोल्यांत राबणारे. रॉकर स्वतः ज्यू नव्हताच, माइन्झचा जर्मन, धंद्याने बुकबाइंडर, पण या लोकांसाठी त्यांची यिडिश भाषा शिकला आणि १८९८ मध्ये त्यांच्या 'आर्बेटर फ्राइंट' (कामगारांचा मित्र) या पेपरचा संपादक झाला!

मग एक टाइमलाइन करा, पण जन्म-मृत्यूची नको, पेपर कधी बंद पडला आणि कधी परत सुरू झाला त्याची. १९०० मध्ये पैसे संपले, बंद. १९०३ मध्ये पुन्हा चालू. मधल्या काळात 'जर्मिनल' हे नियतकालिक काढलं, त्याचे छपाईचे खिळेसुद्धा घरीच जुळवायचे, तो आणि त्याची जोडीदार मिली विटकॉप. मिलीला नुसती 'त्याची बायको' म्हणून उरकू नका प्लीज, ती स्वतः या चळवळीतली कार्यकर्ती होती, आणि कायदेशीर लग्न करायला दोघांनी नकार दिला म्हणून अमेरिकेने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ १९१२ ला द्या. वेस्ट एंडच्या शिंप्यांनी संप केला, त्यांचं काम ईस्ट एंडमध्ये वळवलं जाणार हे दिसत होतं, म्हणून रॉकरने इथल्या शिंप्यांनाही संपात उतरवलं, हजारो लोक बाहेर पडले आणि तेवढ्या दिवसांत पेपर रोज निघायला लागला. साधारण तीन आठवड्यांत जिंकले. लगेच गोदी कामगारांच्या संपात त्यांची ३०० वर उपाशी पोरं याच गरीब शिंप्यांनी आपल्या घरी ठेवून घेतली. संपादकाची ताकद मला तरी इथे दिसते, अग्रलेखाच्या भाषेत नाही.

आत्मचरित्र वाचा, जरूर वाचा, पण ते खूप नंतर आठवून लिहिलंय, त्यामुळे तारखा त्या काळच्या अंकांशी ताडून बघा.

१९१४ ला, म्हणजे पहिल्या महायुद्धापाशी आलात की रशियन अनार्किस्ट क्रोपोटकिनला सोबत घ्या. जवळचा मित्र, पण तो दोस्त राष्ट्रांच्या बाजूने आणि रॉकर दोन्ही बाजूंच्या विरोधात, तरीही इंग्रज सरकारने जर्मन म्हणून कोंडलं रॉकरलाच. दोघांचे त्या वेळचे लेख शेजारी ठेवून वाचा. रॉकरचं जाडं पुस्तक 'नॅशनलिझम अँड कल्चर' त्यानंतर घ्या.