भटक्या कुत्र्यांची नसबंदी: आधी पिंजरे मोजा

नसबंदीची निविदा काढताना नगरपालिका बहुधा एकच विचारते, कुत्र्यामागे दर किती? त्याआधी पिंजरे किती ते बघा.

शहरात ५,००० भटकी कुत्री धरा. त्यातली ७० टक्के, म्हणजे ३,५०० वर्षभरात उरकायची, तर कामाच्या २५० दिवसांत रोज १४ शस्त्रक्रिया होतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रियेनंतर किमान ४ दिवस देखरेख हवी. आदल्या रात्रीचा उपास आणि सोडायचा दिवस धरला की एक कुत्रं ६ दिवस पिंजरा अडवतं. १४ गुणिले ६, झाले ८४ पिंजरे. आजारी आणि चावऱ्या कुत्र्यांसाठी १० वेगळे. पिंजरे ३०च असले तर रोज ५ च्या वर शस्त्रक्रिया होत नाहीत. मग आकडा गाठायला कुत्री दुसऱ्याच दिवशी सोडली जातात, टाके उकलतात आणि पुढच्या खेपेला गल्लीवाले कुत्री धरायची गाडी आत येऊ देत नाहीत.

म्हणून पिंजरे, शस्त्रक्रियागृह आणि गाडी हा भांडवली खर्च पहिल्या वर्षीच करा. चालू खर्चाचं कंत्राट तीन वर्षांचं ठेवा. दरवर्षी नवी निविदा म्हणजे मधे चार महिने काम बंद, आणि कुत्री दोन महिन्यांत विते. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, अंदाजपत्रकात तिचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं हवं. नसबंदी संपली म्हणून ते बंद करू नका.

पैसे गाडीच्या फेऱ्यांवर देऊ नका. काढलेली गर्भाशयं आणि अंडकोष फॉर्मेलिनमध्ये ठेवायला लावा, देखरेख समितीनं ते मोजावेत, मगच बिल. नर आणि मादीचा दर सारखा ठेवलात तर नरच जास्त येतील, कारण ते काम पटकन होतं. मादीला दर जास्त द्या. कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) असलेलं कुत्रं बिलात पुन्हा येता कामा नये.

प्रभाग एकेक करून पुरा करा. सगळ्या शहरात थोडी थोडी कुत्री धरली तर पिल्लं ती जागा भरून काढतात. पहाटे जाळीनं धरा. रोज खाऊ घालणारी बाई सोबत असली तर निम्मी कुत्री हातानंच येतात. सहा महिन्यांखालची आणि दूध पाजणारी धरू नका. गळ्यात क्रमांक अडकवा आणि जागा लिहून ठेवा, कारण सोडायचं त्याच गल्लीत. भलत्या गल्लीत सोडलेलं कुत्रं तिथल्या टोळीशी भांडतं, बिथरतं आणि माणसांना चावतं.

त्याच गल्लीत सोडण्याला अपवाद आहे. नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं इथून उचललेली कुत्री तिथे परत सोडता येत नाहीत. त्यांना कायमचा निवारा लागतो, रोजचं खाणं आणि राखणदार लागतो. हा खर्च स्वतंत्र दाखवा, आणि त्या ८४ पिंजऱ्यांतला एकही त्यांना देऊ नका.