मलेरियाच्या औषधांची तुलना करताना या चुका टाळा

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडची माणसं तळोदा-शहाद्याच्या मेडिकलवर येऊन उभी राहतात. “माले थंडीताप शे भाऊ, त्याच गोया द्या.” त्याच म्हणजे मागच्या साली ज्यांनी ताप उतरला त्या, नाहीतर दिराला ज्यांनी दोन दिवसांत उभं केलं त्या. कॉलेजातली पोरं हेच मोबाइल पुढे करून विचारतात: क्लोरोक्वीन भारी की आर्टेसुनेट? चिठ्ठी आणि रक्ताचा रिपोर्ट नसेल तर गोळी देता येत नाही, ते सोडा. पण काउंटरच्या आतून माझे उलट प्रश्न दोनच असतात. कोणत्या मलेरियावर? आणि माणूस बरा झाला हे कधी ठरवायचं, तिसऱ्या दिवशी की सहा महिन्यांनी? हे ठरल्याशिवाय दोन औषधं शेजारी मांडून काहीच कळत नाही.

रिपोर्टवरची दोन अक्षरं न वाचणं

आपल्याकडे मलेरियाचे परजीवी मुख्यतः दोन. रिपोर्टवर ‘पीव्ही’ असेल तर प्लाझ्मोडियम व्हायवॅक्स, ‘पीएफ’ असेल तर फाल्सिपेरम. थंडी वाजून ताप दोन्हींत येतो, डासही तेच, पण औषधाच्या दृष्टीने हे दोन वेगळे आजार आहेत. व्हायवॅक्सवर आपल्या देशात क्लोरोक्वीन अजून चालतं. फाल्सिपेरमने मात्र १९७३ सालीच आसामात क्लोरोक्वीनला दाद न देण्याची सुरुवात केली. म्हणून फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिन गटातलं एक औषध आणि सोबत दुसरं, अशी जोडी देतात. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणात ईशान्येकडच्या राज्यांसाठी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणि बाकी देशासाठी आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन असं ठरलं. ईशान्येत ती दुसरी जोडी कमी पडायला लागली होती, म्हणून हा फरक. तेव्हा गुवाहाटीच्या डॉक्टरांचा व्हिडिओ बघून नंदुरबारच्या डॉक्टरांची चिठ्ठी चूक ठरवू नका.

खरा घोळ प्रायमाक्वीन या सोबत दिल्या जाणाऱ्या गोळीवरून होतो. एकाच घरात दोन भाऊ आजारी. थोरल्याचा रिपोर्ट पीएफ, धाकट्याचा पीव्ही. थोरल्याला दुसऱ्या दिवशी एकदाच ४५ मिलिग्रॅम, म्हणजे पंधराच्या तीन गोळ्या, आणि विषय संपला. धाकट्याला रोज एक, चौदा दिवस. घरातली म्हातारी म्हणते, “त्याला एका दिवसात बरं केलं, मग याला चौदा दिवस कशाला?” आणि पाचव्या दिवशी पाकीट फळीवर जातं.

गोळी एकच, पण काम वेगळं. फाल्सिपेरममध्ये ती एकदाची मात्रा रोग्यासाठी नसतेच म्हटलं तरी चालेल. रक्तात परजीवीची जी रूपं डासाकडे जाण्यासाठी तयार असतात त्यांना मारण्यासाठी ती असते, म्हणजे फायदा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. व्हायवॅक्समध्ये हीच गोळी यकृतात दडून बसलेल्या परजीवीवर सोडलेली असते आणि तिथे ती रोज, ठरलेले दिवस जावी लागते. एका भावाचं पाकीट दुसऱ्याच्या मापाने मोजलं की दोघांची तुलना चुकते आणि धाकट्याचा ताप परत येतो. दोन्ही परजीवी एकत्र सापडले तर फाल्सिपेरमची जोडी आणि वर प्रायमाक्वीनचे चौदा दिवस, दोन्ही द्यावं लागतं.

ताप उतरला की औषध जिंकलं, असं मानणं

क्लोरोक्वीनने व्हायवॅक्सचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. माणूस कपाशीच्या शेतात परत जातो. त्याच्या दृष्टीने औषध शंभर टक्के यशस्वी. पण क्लोरोक्वीन फक्त रक्तातले परजीवी मारतं. यकृतात निजलेल्यांना ते शिवतही नाही. ते काही आठवड्यांनी उठतात, कधी आठ-नऊ महिन्यांनीही. श्रावणात तापलेला माणूस होळीच्या सुमाराला नवा डास न चावताही पुन्हा तापू शकतो. मग तो म्हणतो, मागच्या वेळची गोळी बोगस होती. गोळी बोगस नव्हती. त्या गोळीचं ते कामच नव्हतं, आणि ज्या गोळीचं होतं ती अर्धी राहिली.

ताप परत येण्याची कारणं तीन. रक्तातले परजीवी पूर्ण मेलेच नाहीत, यकृतातले उठले, किंवा नव्याने डास चावला. पहिल्या कारणाला औषध जबाबदार असू शकतं, पण तिथेही आधी विचारा की गोळी पोटात टिकली होती का. रिकाम्या पोटी क्लोरोक्वीन घेऊन अर्ध्या तासात ओकारी झाली असेल तर ती मात्रा गेल्यात जमा. ती पुन्हा घ्यावी लागते आणि हे डॉक्टरांना सांगावं लागतं. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचं तर जेवणाशी थेट नातं आहे. ल्युमेफँट्रिन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ पोटात हवा, नुसत्या पाण्याबरोबर घेतलं तर रक्तात कमी उतरतं. कळण्याच्या भाकरीवर शेंगदाण्याचं तेल घेऊन खा आणि मग गोळी घ्या, एवढं सांगितलं तरी पुरतं.

किती दिवसांपर्यंत बघितलं, हे न विचारणं

ही चूक शिकलेल्यांची. नेटवर दोन औषधांचा अभ्यास सापडतो. २८ दिवसांत अमुक जणांचा व्हायवॅक्स परत आला, तमुक औषधावर जास्त जणांचा आला, म्हणजे तमुक औषध हलकं. थांबा. क्लोरोक्वीन रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं. यकृतातून पहिला जथा रक्तात उतरला तरी त्या उरलेल्या औषधात मरतो. ल्युमेफँट्रिन त्या मानाने लवकर संपतं, म्हणून तिथे ताप आधी परततो आणि २८ किंवा ४२ दिवसांच्या हिशेबात ते औषध मागे पडलेलं दिसतं. यकृतातला साठा दोन्हींकडे तसाच आहे. एकाकडे तो महिनाभर उशिरा दिसला, इतकंच. माझ्या मते व्हायवॅक्सवरच्या औषधांची तुलना, सहा महिने ते वर्षभर पाठपुरावा नसेल किंवा प्रायमाक्वीन दिलं होतं की नाही हे लिहिलेलं नसेल तर वाचूच नये.

फाल्सिपेरमचं तसं नाही. तो यकृतात निजत नाही, त्यामुळे २८ किंवा ४२ दिवस पुरतात. तिथे परत आलेला परजीवी जुनाच की नवा, हे त्याच्या जनुकांवरून तपासून वेगळं काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात दहा टक्क्यांवर रोग्यांत औषध हरलं तर ते बदलायचं.

‘सात दिवस पुरतात’ याचा अर्थ निम्म्या गोळ्या घेणं

२०१९ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधल्या रोग्यांवर प्रायमाक्वीनचा सात दिवसांचा आणि चौदा दिवसांचा कोर्स ताडून बघितला होता. सात दिवसांचा चौदाच्या तोडीस तोड निघाला. ही बातमी आपल्यापर्यंत येता येता ‘आठवडाभर घेतलं तरी चालतं’ अशी झाली.

आता मात्रा बघा. त्या चाचणीत सात दिवसवाल्यांना रोज किलोमागे १ मिलिग्रॅम आणि चौदा दिवसवाल्यांना ०.५ होतं. म्हणजे एकूण औषध दोन्हींकडे किलोमागे ७ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या नेहमीच्या कोर्समध्ये रोज ०.२५, चौदा दिवसांचे ३.५. तुम्ही आपलं पाकीट सातव्या दिवशी सोडलंत तर पोटात गेलं किलोमागे पावणेदोन. चाचणीतल्या माणसापेक्षा चौपट कमी. दिवस कमी करायचे तर रोजची मात्रा वाढवावी लागते आणि ती डॉक्टर वाढवतात, तीही रक्त तपासून.

दुसरी गोष्ट, अशा चाचण्यांत गोळ्या बहुधा समोर उभं राहून गिळायला लावतात. घरी तसं कोण करतं? सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत निघतात. बारडोलीकडे जाणाऱ्या गाडीत बसताना नवव्या दिवसाची गोळी आठवत नाही. कागदावर चौदा दिवसांचा कोर्स उत्तम आहे, पण तो पाळला जात नसेल तर कमी दिवसांच्या औषधाला आमच्या भागात जास्त मोल आहे, हे मी मान्य करतो. तोवर उपाय साधा: उरलेल्या गोळ्या आणि रिपोर्टचा कागद एकाच पिशवीत, आणि कुठल्या दिवशीची गोळी झाली त्यावर पेनाने फुली. आशाताईंना सांगून ठेवलं तर त्या आठवण करतात.

मिलिग्रॅम बघून ‘पॉवर’ ठरवणं

क्लोरोक्वीनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीत खरं औषध १५० मिलिग्रॅम असतं, बाकी वजन फॉस्फेटच्या क्षाराचं. एका पाकिटावर २५० आणि दुसऱ्यावर १५० छापलेलं असलं तरी गोळ्या सारख्याच असू शकतात. वेगवेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम तर एकमेकांसमोर ठेवूच नयेत.

इंजेक्शन म्हणजे जास्त जोरदार

हा गैरसमज डॉक्टरांच्याही काही दवाखान्यांतून बाहेर पडतो. तीन दिवस आर्टिथरची (हेही आर्टेमिसिनिन गटातलंच) इंजेक्शनं घ्या, झालं. नेटवर आधारही सापडतो: २००५ साली आशियातल्या रोग्यांवरच्या आणि २०१० साली आफ्रिकेतल्या मुलांवरच्या चाचणीत इंजेक्शनच्या आर्टेसुनेटने क्विनिनला मागे टाकलं. आशियात क्विनिनवर २२ टक्के रोगी दगावले, आर्टेसुनेटवर १५ टक्के. पण त्या दोन्ही चाचण्या गंभीर मलेरियाच्या होत्या. बेशुद्ध पडलेले, झटके येणारे, गोळी गिळू न शकणारे रोगी. तिथे आर्टेसुनेट निर्विवाद सरस आहे. चालत दवाखान्यात आलेल्या माणसाला त्यातून काही लागू होत नाही. शिवाय आर्टेमिसिनिन गटातली औषधं रक्तातून झपाट्याने निघून जातात. मागून जोडीची पूर्ण गोळी दिली नाही तर थोडे परजीवी उरतात आणि उरलेल्यांतून औषधाला न जुमानणारे वाढण्याची भीती असते. एकट्या आर्टेसुनेटच्या गोळीवर २००९ मध्ये आपल्या देशात बंदी आली ती याच कारणाने.

सिकलसेलची तपासणी झाली म्हणून जी६पीडीची झाली असं समजणं

नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचं कार्ड घरोघरी आहे. प्रायमाक्वीनच्या वेळी काउंटरवर तेच पुढे केलं जातं. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दोष. जी६पीडी हे तांबड्या पेशीतलं एक विकर, त्याची तपासणी वेगळी. ते कमी असलेल्या माणसाला प्रायमाक्वीन दिलं तर पेशी फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. असं दिसलं की गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा, उद्याची वाट बघायची नाही. गर्भवतीला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्वीन देतच नाहीत.

इथेच टॅफेनोक्वीनची गोष्ट येते. अमेरिकेत २०१८ ला मान्यता मिळालेलं हे औषध एकाच मात्रेत प्रायमाक्वीनचं काम करतं. ऐकायला सोन्यासारखं. पण प्रायमाक्वीन काही तासांत शरीरातून ओसरतं, त्रास दिसला तर बंद करता येतं. टॅफेनोक्वीन गिळलं की आठवडे अंगात राहतं, परत घेता येत नाही. म्हणून त्याआधी जी६पीडी नुसतं आहे-नाही न बघता नेमकं किती आहे ते मोजावं लागतं.

औषधानंतर पुन्हा किट लावून बघणं

फाल्सिपेरमच्या झटपट रक्ततपासणीच्या किटवर जी रेघ उमटते ती बऱ्याचदा एचआरपी-२ या प्रथिनामुळे. परजीवी मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे राहतं. कोर्स पूर्ण केलेल्या माणसाची दहाव्या दिवशी रेघ दिसली म्हणून औषध फसलं असं होत नाही. ताप परत आला असेल तर काचेवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. जिवंत परजीवी आहेत की नाहीत, असतील तर कोणते, हे त्या काचेवर दिसतं. तापच नसेल तर किट विकत घेऊ नका.