संगणकाकडून संमोहन: प्रश्न विचारल्यावर प्रोग्रामने किती थांबावं?

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया निजलेल्या बाईवर हात पसरून उभे आहेत. तो पुतळा पाहून संमोहन म्हणजे जादू असंच वाटावं. पण १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या फारियांचं म्हणणं उलट होतं: शक्ती करणाऱ्यात नसते, ती घेणाऱ्याच्या मनात असते. तेव्हा घोगरा आवाज आणि गरगरती चक्रं सोडा. संमोहन करणाऱ्या प्रोग्रामला समोरच्याचं ऐकता आलं पाहिजे.

ट्वाइनमध्ये, म्हणजे शाखा फुटणाऱ्या गोष्टी रचायच्या मोफत साधनात, टप्पे मांडा: डोळे मिटणं, अंग सैल सोडणं, सूचना, जागं होणं. प्रत्येकाची ध्वनिफीत वेगळी. पहिल्या पानावर 'सुरू' बटण हवंच. क्लिकशिवाय ब्राउझर बहुधा आवाज अडवतो.

खरी गोची उत्तर घेण्यात आहे. मिटल्या डोळ्यांनी माऊस सापडत नाही, म्हणून एकच कळ: स्पेसबार. दाबली म्हणजे 'हो'. पण हात जड झाला की बोट कळीवरच विसावतं, कीबोर्ड तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवतो आणि प्रोग्राम तीन टप्पे खाऊन थेट 'जागे व्हा'वर पोचतो. बोट उचलून पुन्हा दाबलं तरच नवं उत्तर धरा. जावास्क्रिप्टमध्ये कळीच्या इव्हेंटवर, म्हणजे ती दाबल्याच्या नोंदीत, 'रिपीट' (repeat) खरं (true) आलं, तर ते सरळ टाकून द्या.

आणि कळ दाबलीच नाही तर? 'दहा सेकंद थांबून पुढे जा' हा सल्ला टाकाऊ आहे. माणूस गुंगीत असेल, झोपला असेल किंवा उठून गेलाही असेल. २० सेकंद थांबा, तोच प्रश्न हळू आवाजात विचारा, आणखी २० सेकंद द्या, मग सोप्या शाखेवर न्या. सलग दोन प्रश्न कोरे गेले तर जागं करा. चुकल्याचा 'टुंग' आवाज मुळीच नको. प्रश्नही साधा ठेवा: 'पापण्या जड झाल्या की कळ दाबा.' 'एक ते दहांत किती जड?' असं विचारलंत की माणूस हिशेबाला लागतो.

लॅपटॉप चार्ज करून ठेवा; नोटिफिकेशन आणि स्क्रीनची झोप बंद. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजणारच, म्हणून 'बाहेरचे आवाज येऊ देत' ही ओळ आधीच घालून ठेवा. अपस्मार किंवा भ्रमाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

एस्केप कळ दाबली की कुठूनही जागं होण्याचा टप्पा लागला पाहिजे. तिथे आधी 'हात पुन्हा हलके झाले' म्हणून जडपणा काढून घ्या, मग चढत्या आवाजात १ ते ५ मोजा. त्यानंतर पंधरा मिनिटं तरी स्कूटरला हात नाही.