उसावरचा केवडा आणि समुद्रातलं लोह

सोलापुरातून समुद्रविज्ञानाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "इथं कुठं समुद्र आहे?" मला मात्र हा विषय आमच्या उसानंच शिकवला. चुनखडीचं रान, उसावर केवडा पडला, पानं पिवळी-पांढरी झाली. वडिलांनी युरिया टाकला, फरक पडला नाही. मग हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, फवारलं आणि ऊस हिरवा झाला.

एमएस्सीला गेल्यावर वाचलं, अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात नायट्रेट-फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फारसे वाढत नाहीत, कारण विरघळलेलं लोह कमी. म्हणजे तिथंही केवडाच! हे डोळ्यांना न दिसणारे जीव पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांनी ओढून घेतलेला बहुतेक कार्बन वरच्या थरातच कुजून परत मोकळा होतो. जो थोडा खोल बुडतो, तो शेकडो वर्षं हवेपासून दूर राहतो. हवामानाचा हिशेब त्या थोड्यावर आहे.

२००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 'लोहाफेक्स' प्रयोगात दक्षिण अटलांटिकमध्ये, सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर, हिराकसच सोडलं. प्लवक वाढले. पण तिथं सिलिका कमी, त्यामुळे काचेसारखं कवच करणारे डायटम वाढलेच नाहीत. बाकीच्या प्लवकांना कोपेपॉड नावाचे चिमुकले प्राणी खाऊन गेले आणि कार्बन फारसा खाली गेला नाही. एक कमतरता भरली की दुसरी आडवी येते, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून लोह ओतून तापमानवाढ रोखू असं कुणी म्हटलं, तर मला ते पटत नाही.

नव्यानं येणाऱ्यांनो, पोहता येत नाही म्हणून अडू नका. रसायनशास्त्र पक्कं करा. फॉस्फेट मोजताना मोलिब्डेट नावाच्या रसायनानं पाण्याला निळा रंग येतो, जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. माझे पहिले सगळे आकडे भलतेच मोठे आले. तीन दिवस मी पाण्याला दोष देत होते. बाटल्या कपड्यांच्या पावडरीनं धुतल्या होत्या, आणि त्या पावडरीतच फॉस्फेट होतं. तेव्हापासून बाटल्या पातळ आम्लानं आणि मग शुद्ध पाण्यानंच धुते.

सरावाला समुद्र लागत नाही. उन्हाळ्यात उजनीचं हिरवट पाणी आणा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत गाळा. गाळणकागदावरचा हिरवा डाग ॲसिटोनमध्ये, अंधारात, थंड जागी रात्रभर ठेवा. सकाळी उतरलेलं हरितद्रव्य मोजा.